गोळी थांबवण्याचे शास्त्र

औषध सुरू करण्याला जसे शास्त्र असते, तसे ते थांबवण्यालाही असते, ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या काही आठवडे घेतलेल्या रोग्याने त्या एका दिवसात सोडू नयेत, हे आडगावच्या डॉक्टरलाही ठाऊक असते आणि तो ते रोग्याला बजावून सांगतो. क्षयाच्या रोग्याला ‘कोर्स अर्धवट टाकू नका’ हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितले गेले आहे की ते आता खेड्यापाड्यांतील सामान्य ज्ञानाचा भाग बनले आहे. नैराश्यावरील गोळ्यांच्या वाट्याला मात्र हे भाग्य आलेले नाही. त्या सुरू करताना त्या किती दिवस घ्यायच्या, केव्हा थांबवायच्या आणि मुख्य म्हणजे कशा थांबवायच्या, याविषयी डॉक्टर फारसे बोलत नाहीत आणि रोगी विचारत नाही. परिणामी या गोळ्या बहुधा दोनच प्रकारे संपतात. एक तर त्या एके दिवशी अचानक बंद होतात, किंवा कोणतीही फेरतपासणी न होता वर्षानुवर्षे चालूच राहतात. दोन्ही प्रकार रोग्याच्या हिताचे नाहीत.

या प्रश्नाकडे मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित वर्गाचा प्रश्न म्हणून पाहण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याचे उदाहरण घेतले, तर या प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार पंचेचाळीस लाखांहून अधिक लोकवस्ती. उत्तरेस प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला ऊस आणि साखर कारखाने, तर दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत यांसारखे पावसाची वाट पाहणारे तालुके. अकोल्याच्या डोंगरातील किंवा जामखेडच्या टोकाच्या गावातील माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे तर त्याचा सारा दिवस मोडतो, रोजगार बुडतो आणि एस.टी.चे भाडे पडते ते वेगळेच. अशा ठिकाणी गोळी थांबते ती बहुतेक वेळा वैद्यकीय निर्णयाने नव्हे. परिस्थितीच ती थांबवते.

गोळी थांबते कशी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्यामुळे कोयत्याला सुटी नसते. पाच-सहा महिने फडावरच्या खोपीत काढायचे, पहाटे उठायचे, रात्री-अपरात्री गाडी भरायची आणि गाळप हंगाम संपला की घरी परतायचे, असे हे जीवन. जिल्ह्याच्या एका भागातून मजूर बाहेर जातात, तर दुसऱ्या भागातील कारखान्यांवर बाहेरचे मजूर येतात. या प्रवासात एखाद्या बाईच्या पिशवीत नैराश्यावरील गोळ्यांचे पाकीट असेल, तर ते दहा दिवसांत संपते. चिठ्ठी घरी राहिलेली असते, डॉक्टर शंभर-दोनशे किलोमीटर मागे राहिलेले असतात आणि तालुक्याच्या ठिकाणी जाऊन औषध आणायचे तर दिवसाची मजुरी गमवावी लागते. गोळी बंद होते. चार दिवसांनी चक्कर, मळमळ, झोप उडणे, अकारण रडू येणे सुरू झाले, तर त्याचा संबंध संपलेल्या पाकिटाशी कोणी जोडत नाही. ‘उन्हाने झाले’ किंवा ‘कोणाची तरी नजर लागली’ एवढ्यावर निदान संपते.

दुसरा प्रकार लग्नाचा. मुलीचे लग्न ठरले की तिच्या गोळ्या लपवल्या जातात आणि सासरी जाताना त्या बहुधा माहेरीच राहतात. नव्या घरी नवी माणसे, नवी कामे आणि त्यात शरीरातून अचानक नाहीसे झालेले औषध, असा तिहेरी ताण तिच्यावर येतो. आणि त्यातून ती चिडली किंवा कोसळली, तर तो तिच्या स्वभावाचा दोष ठरतो. तिसरा प्रकार गरोदरपणाचा. दिवस राहिल्याचे कळताच बाळाच्या काळजीने सर्व गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या जातात. गरोदरपणी औषध चालू ठेवायचे की बदलायचे की कमी करायचे, हा निर्णय आईचा आजार आणि बाळाचे हित दोन्ही तोलून डॉक्टरांसह घ्यावयाचा असतो. भीतीपोटी एका रात्रीत घ्यावयाचा नसतो. चौथा प्रकार सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त आढळणारा. माणसाला बरे वाटू लागते, घरचे म्हणतात ‘आता कशाला गोळ्या, सवय लागेल’, आणि तो त्या सोडून देतो.

शरीरात काय घडते?

‘सवय लागेल’ या वाक्यात एक चूक आहे आणि एक सत्यही आहे. चूक अशी की एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन किंवा अमिट्रिप्टिलीन ही औषधे दारू-अफूसारखी नव्हेत. त्यांची तलफ येत नाही, ती मिळवण्यासाठी माणूस घर विकत नाही, नशेसाठी मात्रा वाढवत जात नाही. त्यामुळे त्यांना व्यसन म्हणणे अन्यायाचे आहे. सत्य असे की मेंदू या औषधाच्या उपस्थितीशी जुळवून घेतो. महिनोन्‌महिने जे रसायन रोज पोचत होते, ते एकाएकी थांबले की ही जुळवणी उघडी पडते आणि नवा तोल साधेपर्यंत शरीर तक्रार करते. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, घाम, झोप न लागणे, भडक स्वप्ने, चिडचिड, अस्वस्थता, रडू येणे, तसेच डोक्यातून क्षणभर विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे, ही त्या तक्रारीची रूपे होत. यांतील शेवटचे लक्षण इतके विचित्र असते की रोगी ते सांगायलाच धजत नाही. आपण वेडे ठरू, अशी धास्ती त्याला वाटते.

हे सारे आजच कळलेले आहे असे नाही. स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रॅमीन या औषधाचा नैराश्यावरील उपयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९५९ मध्येच ते औषध अचानक थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली आणि नव्या पिढीच्या गोळ्यांचा प्रसार जगभर झाला. या औषधांचा त्रास सौम्य असतो, आठवड्याभरात आपोआप ओसरतो, असे त्यानंतर दीर्घकाळ सांगितले गेले. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेतही तसेच लिहिले होते. अनेक रोग्यांचा अनुभव मात्र वेगळा होता. अखेर २०१९ मध्ये ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका बदलली आणि त्याच वर्षी मार्गदर्शिकाही बदलण्यात आली. काहींना हा त्रास तीव्र होतो आणि तो कित्येक आठवडे, क्वचित महिनेही टिकू शकतो, हे मान्य झाले. जे साठ वर्षे रोगी सांगत होते, ते शास्त्राच्या दप्तरी दाखल व्हायला एवढा काळ लागला.

त्रास किती जणांना होतो, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. २०१९ मधील एका आढाव्याने हे प्रमाण निम्म्याहून अधिक सांगितले. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात आलेल्या, एकवीस हजारांहून अधिक रोग्यांच्या माहितीवर आधारलेल्या विश्लेषणात औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना लक्षणे जाणवली; परंतु नुसत्या साखरेसारख्या निरुपद्रवी गोळ्या थांबवणाऱ्यांतही ती सुमारे १७ टक्क्यांना जाणवली. याचा अर्थ औषधामुळेच म्हणता येईल असा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला आणि तीव्र त्रास पस्तिसांत एकाला. या अभ्यासांतील बहुतेकांनी औषध थोडेच महिने घेतलेले होते आणि जितका काळ अधिक तितका धोका अधिक, हेही लक्षात ठेवले पाहिजे. एवंच, प्रत्येकाने घाबरून जावे असे येथे काही नाही. पण ज्याला त्रास होतो, त्याचे म्हणणे खोटे ठरवण्याचा अधिकारही कोणाला नाही.

परतलेला आजार की सुटणारे औषध?

अचानक गोळी थांबवण्याचा सर्वांत मोठा तोटा त्रास हा नव्हे. त्या त्रासाचा चुकीचा अर्थ लावला जातो, हा आहे. गोळी बंद केल्यावर आठवड्याभरात झोप उडाली, मन बेचैन झाले, की ‘आजार उलटला, आता जन्मभर गोळ्या’ असा निष्कर्ष रोगी काढतो आणि कधी कधी डॉक्टरही काढतात. वास्तविक दोहोंत फरक करता येतो. औषध सुटल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो. परतणारे नैराश्य सहसा आठवड्यांनी वा महिन्यांनी हळूहळू पसरते. पहिल्यात चक्कर आणि विजेचे झटके अशी पूर्वी कधी नसलेली शारीरिक लक्षणे असतात. दुसऱ्यात जुन्याच आजाराची ओळखीची छाया असते. आधीची मात्रा पुन्हा सुरू केली तर पहिला त्रास बहुधा एक-दोन दिवसांतच उतरतो; नैराश्य इतक्या झटपट हटत नाही. अर्थात फ्लुओक्सेटीनसारखे औषध शरीरातून फार सावकाश जाते, त्यामुळे त्याचा त्रास उशिरा दिसतो, तर व्हेनलाफॅक्सीन काही तासांतच उतरू लागते आणि एखादी मात्रा चुकली तरी जाणवते. म्हणून कोणते औषध, किती दिवस आणि कोणत्या दिवशी थांबले, ही माहिती डॉक्टरांना द्यायलाच हवी.

औषध कमी करण्याच्या पद्धतीविषयी गेल्या काही वर्षांत जे नवे ज्ञान हाती आले आहे, ते याच जिल्ह्यातील एका गडाच्या दाखल्याने समजू शकते. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरून कोकणकड्याकडे चालत जाणारा माणूस पुष्कळ अंतर तोडतो, पण उंची फारशी सोडत नाही. आणि मग एका पावलावर कडाच संपतो. मात्रा आणि परिणाम यांचे नाते असेच आहे. सिटॅलोप्रॅम या औषधाची २० मिलिग्रॅमची मात्रा मेंदूतील संबंधित जागांपैकी सुमारे ८० टक्के जागा व्यापते. ती निम्म्याहून कमी, म्हणजे ९ मिलिग्रॅम केली, तरी व्याप सुमारे ७० टक्के राहतो. उलट शेवटच्या दोन-तीन मिलिग्रॅममध्येच सुमारे ४० ते ५० टक्क्यांचा व्याप साठलेला असतो. म्हणजे वीसवरून दहा आणि दहावरून पाच हे माथ्यावरचे चालणे. पाचवरून शून्य ही कड्यावरची उडी. हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हा हिशेब मांडून सुचवले की कपात नेहमी उरलेल्या मात्रेच्या प्रमाणात करावी आणि शेवटची पावले सर्वांत लहान असावीत.

या दृष्टीने पाहता खेड्यातील दोन प्रचलित युक्त्या निरुपयोगी ठरतात. एक म्हणजे ‘एक दिवसाआड गोळी’. बहुतेक औषधे एक-दीड दिवसात निम्म्यावर येतात. त्यामुळे एक दिवसाआड घेतल्याने मात्रा सावकाश उतरत नाही, ती रोज वर-खाली होते आणि रोगी झोपाळ्यावर बसल्यासारखा होतो. दुसरी युक्ती मिळेल ती गोळी सुरीने कापण्याची. काही गोळ्या अर्ध्या करता येतात. पण औषध हळूहळू सोडण्यासाठी घडवलेल्या गोळ्या आणि कॅप्सूल कापल्या-कुटल्या तर सारे औषध एकदम अंगात जाते. कोणती गोळी कापावी आणि कोणती नाही, हे डॉक्टरांना किंवा जाणत्या औषधविक्रेत्याला विचारूनच ठरवावे.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. नैराश्याच्या गोळीबरोबर क्लोनाझेपाम हे झोप आणणारे, धास्ती कमी करणारे औषध पुष्कळदा दिले जाते आणि कित्येकदा दोन्ही एकाच गोळीत असतात. रोग्याला आपण दोन औषधे घेतो आहोत याची कल्पनाही नसते. क्लोनाझेपामची मात्र खरोखर सवय लागू शकते आणि दीर्घकाळ घेतल्यावर ते एकदम सोडल्यास फिटही येऊ शकते. म्हणून जोडगोळी घेणाऱ्याने तर ती स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नये.

थांबवावे कोणी, केव्हा आणि कसे?

प्रत्येकाने औषध सोडावेच, असा याचा अर्थ नव्हे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि सोडण्याइतपत बरे वाटणाऱ्या ४७८ जणांची पाहणी झाली. वर्षभरात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना आणि सोडणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना नैराश्य पुन्हा गाठले. या आकड्यांतून दोन्ही बाजूंनी धडा घेता येतो. सोडण्यात जोखीम आहे, हे खरे. पण सोडणाऱ्यांतही शंभरातील चव्वेचाळीस जण वर्षभर ठीक राहिले, हेही तितकेच खरे. पहिल्याच वेळी नैराश्य आलेल्याने बरे वाटू लागल्यानंतर किमान सहा महिने गोळी चालू ठेवावी, ज्याला ते वारंवार येते त्याने अधिक काळ ठेवावी आणि काहींनी तर ती दीर्घकाळ घ्यावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. गोळी घेण्यात कमीपणा नाही आणि सोडण्यात शौर्य नाही.

सोडायचे ठरले तर वेळ निवडावी. घरात लग्नकार्य आहे, कांदा काढणी चालू आहे, मुलाची परीक्षा तोंडावर आहे, अशा वेळी हा उद्योग हाती घेऊ नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने एक पायरी उतरावी, दोन ते चार आठवडे तेथे थांबावे आणि शरीर स्थिरावले की मगच पुढची पायरी उतरावी. काही आठवड्यांपुरतेच औषध घेतलेल्याला हे लवकर साधते. वर्षानुवर्षे घेतलेल्याला कित्येक महिने, प्रसंगी वर्षही लागते. त्रास असह्य झाला तर मागच्या पायरीवर परतावे. त्याला पराभव मानू नये. लहानशा वहीत तारीख, मात्रा, झोप आणि त्रास यांची रोज एक ओळ लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टरांना अंदाज बांधावा लागत नाही. या काळात दारू टाळावी, झोपेच्या व जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात, चक्कर येत असेल त्या दिवशी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये. घरातील निदान एका माणसाला सारे सांगून ठेवावे, कारण स्वभावातील बदल स्वतःच्या आधी दुसऱ्याला दिसतो. जीव देण्याचे विचार मनात येऊ लागले, तर मात्र वही आणि पायऱ्या बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टर गाठावा. २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

व्यवस्थेचे कर्तव्य

तथापि सर्व भार रोग्यावर टाकणे योग्य होणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २२ ने रोग्याला आपला आजार, नियोजित उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. औषध थांबवतानाचा त्रास हा या माहितीचाच भाग मानला पाहिजे. पहिल्या चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली दोन ओळी अधिक लिहिणे अवघड नाही: पुन्हा तपासणी केव्हा, आणि मनाने बंद करू नये, ही सूचना. या गोळ्या लिहून देणारे सगळेच मनोविकारतज्ज्ञ नसतात. पाठदुखी, अर्धशिशी, निद्रानाश यांसाठीही त्या दिल्या जातात. म्हणून ही शिस्त सर्वच डॉक्टरांनी पाळायला हवी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी तर सहज करता येण्यासारखी व्यवस्था आहे. हंगामाला निघण्यापूर्वी तपासणी, परिस्थिती स्थिर असेल त्यांना दोन-तीन महिन्यांचे औषध एकत्र आणि कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात दाखवता येईल असे एक कार्ड. १९९६ मध्ये देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कक्षेत हे सारे बसते. पातळ स्वरूपातील औषध आणि कमी मात्रेच्या गोळ्या सरकारी रुग्णालयांत ठेवल्या, तर शेवटच्या लहान पायऱ्या गरिबालाही उतरता येतील. आज त्या पायऱ्यांची चैन पैसेवाल्यालाच परवडते.

हे खेड्यात जमणार नाही, असे निदान या जिल्ह्याने तरी म्हणू नये. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला काम सुरू केले, तेव्हा अक्षरओळखही नसलेल्या बायका आरोग्याचे काम करतील यावर कोणाचा विश्वास नव्हता. त्याच बायकांनी गावोगावची बाळंतपणे, कुपोषण आणि कुष्ठरोग यांच्याशी झुंज दिली आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जामखेडचे नाव जगभर झाले. प्रवरेच्या काठी लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये उभे राहिले. ज्या जिल्ह्याला असा वारसा आहे, तेथील आशा कार्यकर्तीला घरभेटीत तीन प्रश्न विचारायला शिकवणे कठीण का असावे? गोळी चालू आहे का, किती दिवसांची शिल्लक आहे, आणि बंद केली असेल तर त्यानंतर काय होते आहे? या तीन प्रश्नांनी फडावरच्या खोपीतील आणि सासरच्या घरातील कितीतरी अनामिक त्रासाला नाव मिळेल.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवून दिले की निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. साहजिकच शासनाचा आणि डॉक्टरांचा भर उपचार सुरू करण्यावर आहे, आणि तो रास्तही आहे. पण ज्याला गोळ्यांच्या दारातून आत नेले, त्याला बाहेरची वाट दाखवण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे. ती वाट दिसत नाही म्हणूनच कित्येक जण आत यायला घाबरतात. ‘एकदा धरली की सुटत नाही’ ही या गोळ्यांविषयीची समजूत भाषणांनी दूर होणार नाही. बरी झालेली, सावकाश आणि सुखरूप गोळ्यांतून बाहेर पडलेली माणसे गावात दिसू लागतील, तेव्हाच ती दूर होईल.